रित्या खजिन्याचा वारस

गेल्या अंकात आम्ही बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट जस्टिनियनच्या आफ्रिका आणि इटली येथील विजयांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : जिंकलेला मुलूख पुढे राखला कोणी आणि कशाच्या जोरावर? म्हणून या वेळचे सदर आम्ही मॉरिस या एकाच सम्राटाला दिले आहे. ५८२ ते ६०२ अशी वीस वर्षे तो कॉन्स्टॅन्टिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, गादीवर होता. पत्रे लांब होती. त्यांतील प्रश्न तेवढे संक्षेपाने येथे घेतले आहेत.

प्रश्न : जस्टिनियनने आफ्रिका, इटली आणि दक्षिण स्पेन परत मिळवले, तर साम्राज्य अधिक श्रीमंत व्हायला हवे होते. त्यामुळेच ते दुबळे झाले असे का म्हटले जाते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जिंकलेल्या प्रांताचे उत्पन्न सुरू व्हायला वर्षे लागतात आणि त्याच्या बंदोबस्ताचा खर्च मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होतो. ५१८ मध्ये सम्राट अनास्टेशियस वारला तेव्हा खजिन्यात ३,२०,००० पौंड सोने शिल्लक होते, असे इतिहासकार प्रोकोपियस सांगतो. ५३३ मध्ये सेनापती बेलिसारियस सुमारे १५,००० सैनिक घेऊन आफ्रिकेत उतरला आणि काही महिन्यांतच तेथील वँडलांचे राज्य संपले, तेव्हा हा मुलूख स्वस्तात मिळाला असेच कोणालाही वाटले असते. पण पुढे बर्बर टोळ्यांच्या उठावांमुळे आणि पगार थकलेल्या सैनिकांच्या बंडांमुळे आफ्रिकेला स्वस्थता मिळायला जवळपास पंधरा वर्षे जावी लागली. इटलीत ५४० मध्ये संपल्यासारखे वाटलेले युद्ध पुन्हा पेटून ५५४ पर्यंत चालले, आणि ते थांबले तेव्हा रोम किंवा मिलानसारखी शहरे कर भरण्याच्या स्थितीत उरलेली नव्हती. याच सुमारास, ५४१ आणि ५४२ मध्ये, प्लेगची पहिली मोठी लाट भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवरून फिरली आणि नंतर ती पुन्हा पुन्हा येत राहिली. शेत कसणारा करदाता आणि सैन्यात भरती होणारा तरुण हे दोघेही एकाच वेळी कमी झाले. पूर्वी ६,४५,००० असलेले सैन्य जस्टिनियनच्या अखेरच्या काळात जेमतेम १,५०,००० उरले, असे इतिहासकार अगाथियस लिहितो. यातला पहिला आकडा फुगवलेला असावा. दुसऱ्यावर मात्र विश्वास ठेवायला हरकत नाही, आणि तेवढ्या माणसांनी जिब्राल्टरपासून कॉकेशसपर्यंतची सीमा सांभाळायची होती.

शत्रूला पैसे देऊन शांत ठेवणे हा जस्टिनियनने वापरलेला मार्ग होता. इराणच्या सासानी राजाशी ५६२ मध्ये झालेल्या तहानुसार दरवर्षी ३०,००० सुवर्णनाणी द्यायची होती. ५६५ मध्ये त्याचा भाचा दुसरा जस्टिन गादीवर आला, तेव्हा त्याला हे अपमानास्पद वाटले. त्याने प्रथम डॅन्यूबकाठच्या अव्हार टोळ्यांची खंडणी बंद केली आणि पुढे ५७२ मध्ये इराणचीही. मधल्या काळात, ५६८ मध्ये, लाँबर्ड लोक इटलीत उतरले होते. तेथले युद्ध संपून तेव्हा चौदा वर्षेच झाली होती. ५७३ मध्ये दारा हा पूर्व सीमेवरचा मुख्य किल्ला इराणने घेतला आणि त्या धक्क्याने जस्टिनचे मानसिक संतुलन कायमचे बिघडले. त्याच्या नावाने कारभार पाहणारा आणि पुढे स्वतः सम्राट झालेला टिबेरियस याच्या उदारपणाला सीमा नव्हती. चार वर्षांसाठी त्याने करांचा चौथा हिस्सा माफ केला, सैनिकांना आणि राजधानीतल्या लोकांना बक्षिसे वाटली, आणि त्याबद्दल इतिहासकारांनी त्याची स्तुतीच केली आहे. त्या स्तुतीचा खर्च मॉरिसच्या नावे पडला.

प्रश्न : मॉरिस राजघराण्यातला होता का? तो सम्राट झाला कसा? (एक वाचक, सांगली)

उत्तर : राजघराण्याशी त्याचा संबंध नव्हता. कॅपडोशियातील अराबिसस या गावी, ५३९ च्या सुमारास, त्याचा जन्म झाला. टिबेरियसच्या पदरी लेखनिक म्हणून त्याची सुरुवात झाली. नंतर तो राजवाड्याच्या संरक्षक दलाचा प्रमुख झाला आणि ५७७ च्या अखेरीस, लढाईचा फारसा अनुभव नसताना, त्याला इराण आघाडीचे सेनापतिपद मिळाले. रोज मुक्कामाच्या ठिकाणी छावणीभोवती खंदक खणण्याची जुनी शिस्त सैनिकांनी आळसाने सोडून दिली होती. ती त्याने पुन्हा लागू केली. ऑगस्ट ५८२ मध्ये, मृत्युशय्येवर असलेल्या टिबेरियसने आपली मुलगी कॉन्स्टँटिना त्याला देऊ केली आणि राज्यही दिले.

त्याच्या पदरी असलेली एक चूक येथेच नोंदवून ठेवतो. ५८१ मध्ये तो इराणच्या राजधानीवर चालून गेला असता वाटेतला पूल तोडलेला आढळला. ही फितुरी घस्सानी अरबांचा प्रमुख अल्-मुंधिर याची आहे असा आरोप त्याने केला, आणि सम्राट झाल्यावर त्याला सिसिलीत हद्दपार केले. वाळवंटाची सीमा फारसा खर्च न होता राखणारे हे दोस्त त्याने दुखावले. काटकसरी राज्यकर्त्याने असे करावे, हे मला आजही कोडे वाटते.

प्रश्न : एकाच वेळी इराण, डॅन्यूब, इटली, आफ्रिका आणि स्पेन अशा पाच ठिकाणी तो लढला कसा? (एक निवृत्त सैनिक, सातारा)

उत्तर : लढला नाही, हेच त्याचे कौशल्य. एका वेळी एकाच आघाडीवर लढायचे, बाकीच्या ठिकाणी पैसे देऊन, दुसऱ्याला पुढे करून किंवा स्थानिक अधिकाऱ्यावर भार टाकून वेळ काढायचा, असा क्रम त्याने ठरवलेला दिसतो. इराणला अग्रक्रम होता, कारण सीरिया आणि इजिप्त हे सर्वांत जास्त कर देणारे प्रांत त्या बाजूला होते.

या निवडीची किंमत बाल्कन प्रदेशाने मोजली. मॉरिस गादीवर आला त्याच वर्षी सिर्मियम हे सावा नदीवरचे शहर दीर्घ वेढ्यानंतर अव्हारांच्या हाती गेले. त्या शहरात सापडलेल्या एका विटेवर कोणीतरी अडाणी ग्रीकमध्ये कोरलेली प्रार्थना आहे : प्रभूने शहराला वाचवावे, अव्हारांना रोखावे आणि हे लिहिणाऱ्याचे रक्षण करावे. लिहिणाऱ्याचे पुढे काय झाले याची नोंद नाही. अव्हारांचा खागान, म्हणजे राजा, दरवर्षी ८०,००० सुवर्णनाणी घेत होता; त्याने ती १,००,००० करून मागितली. मॉरिसने प्रथम नकार दिला, तेव्हा खागानाने सिंगिडुनम, म्हणजे आजचे बेलग्रेड, घेतले आणि नकार मागे घ्यावा लागला. याच खागानाने एकदा हत्ती पाहण्याची इच्छा दर्शवली होती. मॉरिसने आपल्याकडचा उत्तम हत्ती पाठवला, तो त्याने परत केला. मग सोन्याचा पलंग मागितला, तोही आला आणि तिरस्काराने परत गेला. वरवर हा विक्षिप्तपणा दिसत असला, तरी सम्राट किती वाकतो याचे ते मोजमाप होते, असे मला वाटते.

इटलीसाठी पाठवायला सैन्य नव्हते. म्हणून मॉरिसने फ्रँकांचा राजा चिल्डेबर्ट याला ५०,००० सुवर्णनाणी देऊन लाँबर्डांवर चाल करायला सांगितले. फ्रँक आल्प्स ओलांडून आले, लाँबर्डांकडून भेटी घेऊन परत गेले, आणि सम्राटाने पैसे परत मागितले तेव्हा चिल्डेबर्टने उत्तरसुद्धा दिले नाही. यापेक्षा टिकाऊ ठरली ती त्याची कारभारातली सुधारणा. रोमन परंपरेत मुलकी आणि लष्करी अधिकार दोनशे-अडीचशे वर्षांपासून वेगळे ठेवले जात, कारण दोन्ही एका हाती गेले की बंडखोर जन्माला येतो, असा अनुभव होता. मॉरिसच्या काळात इटलीतील रावेन्ना आणि आफ्रिकेतील कार्थेज येथे एक्झार्क नावाचा अधिकारी दिसू लागतो, ज्याच्या हाती कर, न्याय आणि सैन्य या तिन्ही गोष्टी होत्या. राजधानीहून निरोप येण्यास महिने लागत असतील, तर तेथल्या माणसाला निर्णय घेऊ द्यावा, हा त्यामागचा व्यवहार. बंडाची जोखीम त्याने जाणूनबुजून पत्करली. स्पेनच्या वाट्याला याहूनही कमी आले. कार्टाजेना येथे ५८९ सालचा एक शिलालेख आहे, त्यात मॉरिसने पाठवलेल्या सेनापतीने शहराचा दरवाजा बांधून घेतल्याची नोंद आहे.

रोम शहर तर जवळजवळ वाऱ्यावर सोडलेले होते. पोप ग्रेगरीने सम्राज्ञीला लिहिलेल्या पत्रात, रावेन्नात सैन्याचे पगार वाटणारा सरकारी अधिकारी आहे तसा रोममध्ये मी झालो आहे, अशा आशयाची तक्रार केली आहे. लाँबर्डांना शांत ठेवण्याचा खर्च चर्चच्या तिजोरीतून होत होता. ग्रेगरीने त्यांच्याशी परस्पर तह करण्याचा प्रयत्न केला तेव्हा सम्राटाने त्याला भोळसट ठरवले, आणि ग्रेगरीने ते शब्द जिव्हारी लावून घेतले. सैनिकांनी आणि सरकारी कर्मचाऱ्यांनी मुदतीआधी मठात जाऊ नये, असा कायदा मॉरिसने केला, त्यावरूनही दोघांचे बिनसले. पोपला तो धर्माविरुद्ध वाटला; माणसे मोजून वापरणाऱ्या सम्राटाला तो भरतीचा प्रश्न होता.

पूर्वेकडे मात्र या संयमाला फळ आले, आणि ते अनपेक्षित वाटेने आले. ५९० मध्ये इराणमध्ये बहराम चोबीन या सेनापतीने बंड केले, राजा होर्मिझ्द मारला गेला आणि त्याचा तरुण मुलगा खुसरो रोमन हद्दीत आश्रयाला आला. त्याला मदत करू नये, शत्रू आपसांत झिजतात ते झिजू द्यावेत, असा कॉन्स्टॅन्टिनोपलमधील सल्लागारांचा कल होता. मॉरिसने तो मानला नाही. त्याने सैन्य दिले, पैसा दिला, आणि ५९१ मध्ये ब्लाराथोनच्या लढाईत बहरामचा पराभव होऊन खुसरो गादीवर बसला. बदल्यात दारा आणि मार्टिरोपोलिस ही सीमेवरची ठाणी परत आली, वान सरोवराच्या परिसरापर्यंतचा आर्मेनिया मिळाला, आणि इराणला काहीही द्यावे न लागता वीस वर्षांचे युद्ध संपले. जस्टिनियनला जे जमले नव्हते ते या लेखनिकाने साधले. त्यानंतर पूर्वेचे सैन्य बाल्कनकडे वळवता आले, आणि पुढच्या दशकात प्रिस्कस हा सेनापती डॅन्यूब ओलांडून थेट तिसा नदीपर्यंत अव्हारांच्या मुलखात पोहोचला.

प्रश्न : या काळात बायझंटाइन साम्राज्याचा आपल्या भागाशी काही संबंध येत होता का? (एक वाचक, कल्याण)

उत्तर : आपल्याच शहराशी येत होता, पण थोडा आणि बहुधा इराणच्या मध्यस्थीने. सहाव्या शतकाच्या मध्यावर लिहिणारा कॉस्मस हा अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॅलियाना या बंदराचा उल्लेख करतो. ते कल्याण असावे, असे सामान्यतः मानले जाते. तेथून धातू, इमारती लाकूड आणि कापड निर्यात होते, आणि तेथे इराणहून नेमलेला ख्रिस्ती धर्मगुरू आहे, असे तो सांगतो. हिंदी महासागरातील व्यापारावर इराणी व्यापाऱ्यांची पकड होती. ती मोडण्यासाठी जस्टिनियनने इथिओपियाच्या राजाला भारतातून रेशीम विकत घेण्याची गळ घातली होती, पण ते जमले नाही. मॉरिसच्या कारकिर्दीत असा काही नवा प्रयत्न झाल्याचे दिसत नाही.

प्रश्न : मॉरिस कंजूष होता आणि त्यामुळेच त्याचा घात झाला, असे वाचले आहे. हे खरे मानावे का? त्याचा शेवट नेमका कसा झाला? (एका शिक्षिकेचा प्रश्न, अमरावती)

उत्तर : या प्रश्नाला सर्वांत जास्त जागा देणे भाग आहे, कारण त्याच्याविषयीचे सारे मत यावर ठरते. सैनिकांच्या दृष्टीने तो कंजूष होता यात शंका नाही. ५८८ मध्ये त्याने पूर्वेकडील सैन्याच्या पगारात एक चतुर्थांश कपात केली. प्रिस्कस तो हुकूम घेऊन मोनोकार्टन येथील छावणीत ईस्टरच्या सुमारास पोहोचला, घोड्यावरून न उतरता सैनिकांना भेटला, आणि तेथूनच ठिणगी पडली. जमाव शांत करण्यासाठी त्याने येशूची पवित्र प्रतिमा पुढे आणली, तेव्हा सैनिकांनी तिच्यावरही दगड मारले. त्यांनी आपला नवा सेनापती निवडला आणि वर्षभराहून अधिक काळ सम्राटाचे ऐकले नाही. नवल असे की याच बंडखोर सैन्याने मार्टिरोपोलिसजवळ इराण्यांचा पराभव केला. त्यांचा राग साम्राज्यावर नव्हता. अखेर अँटिऑकचा धर्मगुरू ग्रेगरी मध्ये पडला आणि समेट झाला.

या प्रसंगातून मॉरिस काही शिकला असे दिसत नाही. बाल्कनच्या मोहिमेत त्याने फर्मान काढले की यापुढे पगाराचा एक हिस्सा रोख, एक कपड्यांच्या रूपाने आणि एक शस्त्रांच्या रूपाने मिळेल. त्याच फर्मानात जायबंदी सैनिकांची शहरांत सोय करण्याची आणि मृत सैनिकाच्या मुलाला भरतीत घेण्याची तरतूद होती. सैनिकांनी दुसरी गोष्ट ऐकून जयजयकार केला आणि पहिली ऐकून छावणी डोक्यावर घेतली. सेनापती म्हणून आलेला सम्राटाचा भाऊ पीटर तेवढ्यापुरता निभावून गेला.

हिशेबाच्या बाजूने पाहिले तर यातला प्रत्येक निर्णय समर्थनीय आहे. एका पौंड सोन्याची ७२ नाणी पडत, आणि पगार हाच सरकारी खर्चाचा सर्वांत मोठा भाग होता. करवाढ करायला करदाते उरले नव्हते, नवे कर्ज देणारी व्यवस्था त्या काळात नव्हती, आणि नाण्यातील सोने कमी करण्याचा मार्ग कोणत्याही सम्राटाने शेकडो वर्षे धरला नव्हता. वाचवायचे तर सैन्यावरच वाचवावे लागे. पण सैनिक हा असा एकमेव घटक होता की ज्याच्या हाती शस्त्र होते आणि जो राजधानीकडे चालून येऊ शकत होता. टिबेरियसने कर माफ केले आणि तो दयाळू ठरला. मॉरिसने पगार कापला आणि तो कृपण ठरला. दोघेही त्याच तिजोरीच्या दोन टोकांना उभे होते.

तथापि सैनिकांची बाजूही निर्मळ दिसावी, असे काही या सम्राटाने केले होते. आपले गाव अराबिसस त्याने मोठ्या खर्चाने सजवले. ते भूकंपात पडल्यावर पुन्हा बांधले. भाऊ पीटर आणि मेहुणा फिलिपिकस यांना सेनापतिपदे मिळाली, वडिलांना सिनेटमध्ये अग्रस्थान मिळाले, आणि नातेवाइकांना राजधानीत वाडे मिळाले. पगार कापणाऱ्याच्या घरात काय शिजते याकडे कापलेल्यांचे बारीक लक्ष असते. त्यात कैद्यांचे प्रकरण आले. ६०० च्या सुमारास खागानाच्या ताब्यात सुमारे १२,००० रोमन कैदी होते. त्याने प्रत्येकी एक नाणे मागितले, मग अर्धे, मग एक षष्ठांश. मॉरिसने काहीही दिले नाही आणि खागानाने त्यांची कत्तल केली. ही हकिगत दोन शतकांनंतर लिहिणाऱ्या थेओफानीसकडून आपल्यापर्यंत येते, आणि मॉरिसच्या काळाला अधिक जवळ असलेला थेओफिलॅक्ट त्याविषयी जवळपास गप्प आहे, म्हणून तपशील जपून घ्यावा. पण ५९८ च्या तहानुसार अव्हारांची खंडणी १,२०,००० नाण्यांवर गेली होती, हे लक्षात घेतले तर पहिली मागणीसुद्धा वर्षाच्या खंडणीचा दहावा भाग होती. जो शत्रूला १,२०,००० देतो त्याने आपल्या माणसांसाठी २,००० दिले नाहीत, असा अर्थ सैनिकांनी लावला असेल, तर त्यांना दोष देता येत नाही. हे कैदी पूर्वी बंडात सामील असलेल्या तुकड्यांचे होते, म्हणून सम्राटाने त्यांना मरू दिले, अशीही कुजबूज होती.

शेवटची ठिणगी हिवाळ्याची होती. ६०२ मध्ये मॉरिसने पीटरला कळवले की सैन्याने डॅन्यूबपलीकडे, स्लाव्ह टोळ्यांच्या मुलखातच हिवाळा काढावा. असाच हुकूम ५९३ मध्येही निघाला होता आणि तेव्हा तो टाळला गेला होता. पलीकडे राहिले की सैन्य शत्रूच्या धान्यावर जगते आणि सरकारी कोठारे वाचतात. शिवाय मॉरिसच्या नावावर असलेल्या ‘स्ट्रॅटेजिकॉन’ या युद्धशास्त्रावरील ग्रंथातही स्लाव्हांवर हिवाळ्यात चाल करावी असे सांगितले आहे, कारण तेव्हा झाडे निष्पर्ण असतात, बर्फात पावलांचे ठसे उमटतात आणि नद्या गोठल्याने वाट सोपी होते. म्हणजे कागदावर हुकूम निर्दोष होता. सैनिकांच्या बाजूने पाहता घोडे थकलेले होते, मिळवलेली लूट घरी पोहोचवायची होती, आणि थंडी असह्य होती. त्यांनी पीटरचे ऐकणे सोडले, फोकास नावाच्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याला ढालीवर उचलून नेता केले आणि दक्षिणेकडे कूच केले.

राजधानी आधीच बिथरलेली होती. त्या वर्षाच्या आरंभी अन्नटंचाई असताना धार्मिक मिरवणुकीत अनवाणी चालणाऱ्या सम्राटावर लोकांनी दगड फेकले होते. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या एका माणसाला गाढवावर बसवून, डोक्यावर लसणाचा मुकुट घालून त्याची धिंड काढली होती. तटांच्या रक्षणासाठी मॉरिसने रथशर्यतींतील निळ्या आणि हिरव्या पक्षांची मदत मागितली, तेव्हा यादीत ९०० निळे आणि १,५०० हिरवे निघाले. त्यांतले हिरवे फोकासला जाऊन मिळाले. २२ नोव्हेंबरच्या रात्री मॉरिस कुटुंबासह बोटीने निघाला. वादळ आणि संधिवात यांमुळे फार दूर जाऊ शकला नाही. २३ ला फोकासचा राज्याभिषेक झाला आणि २७ ला कॅल्सिडॉनच्या धक्क्यावर मॉरिससमोर त्याच्या पाच मुलांना मारून मग त्याचा शिरच्छेद करण्यात आला. सर्वांत धाकट्या मुलाऐवजी दाईने आपले मूल पुढे केले, तेव्हा त्याने ते मान्य न करता खरे मूल दाखवून दिले, असे थेओफिलॅक्ट सांगतो. प्रत्येक मुलाच्या वेळी त्याने ‘प्रभो, तू न्यायी आहेस आणि तुझा निवाडा योग्य आहे’ हे स्तोत्रातील वचन म्हटले. माझ्या मते या माणसाला कंजूष म्हणण्यापेक्षा हट्टी म्हणणे अधिक बरोबर होईल. जे एकदा बरोबर ठरले ते लोकांना रुचो न रुचो, तो तडीस नेई.

प्रश्न : एवढे मोठे साम्राज्य एका माणसाला झेपत नाही, हे त्याच्या लक्षात आले नव्हते का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : आले होते. ५९७ मध्ये तो गंभीर आजारी पडला तेव्हा त्याने मृत्युपत्र केले. ते पुढे हेराक्लियस हा सम्राट असताना सापडले. त्यानुसार थोरला मुलगा थिओडोसियस याला कॉन्स्टॅन्टिनोपल आणि पूर्वेचा मुलूख, दुसरा मुलगा टिबेरियस याला जुने रोम, इटली आणि पश्चिमेकडील बेटे, आणि उरलेला मुलूख धाकट्या मुलांमध्ये वाटून द्यायचा होता. तो बरा झाला आणि कागद तसाच राहिला.

प्रश्न : मग इटली, आफ्रिका आणि स्पेन सोडून देऊन पूर्वेकडचे राज्य तरी त्याने घट्ट का केले नाही? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : स्पेनपुरती आपली सूचना पटण्यासारखी आहे, तेथला मुलूख सुमारे ६२५ पर्यंत बाकीच्या स्पेनवर राज्य करणाऱ्या व्हिसिगॉथांनी घेतलाच आणि त्याने साम्राज्य हलले नाही. इटलीबाबत शंका घेता येईल. आफ्रिका मात्र सोडली असती तर पुढचे सारेच बदलले असते. फोकासच्या राज्याभिषेकानंतर खुसरोने आपल्या उपकारकर्त्याचा सूड हे निमित्त करून ६०३ मध्ये युद्ध सुरू केले आणि मॉरिसने मिळवलेले सर्व काही गेले. ६१४ मध्ये जेरुसलेम पडले आणि त्यानंतर इजिप्तही. फोकासला हटवणारा माणूस कार्थेजहून आला. तेथल्या एक्झार्कचा मुलगा हेराक्लियस ६१० मध्ये आरमार घेऊन कॉन्स्टॅन्टिनोपलला पोहोचला, सम्राट झाला, आणि ६२७ मध्ये निनेव्हेजवळ त्याने इराणचा निर्णायक पराभव केला. मुलकी आणि लष्करी सत्ता एका हाती दिली की बंड होते, ही जुनी भीती येथे खरी ठरली. फक्त बंड ज्याच्याविरुद्ध झाले तो सम्राट मॉरिसचा मारेकरी होता. त्या लांबलेल्या युद्धात दोन्ही राज्ये इतकी झिजली की ६३६ मध्ये यर्मूकच्या लढाईनंतर सीरिया आणि थोड्याच वर्षांत इजिप्त अरबांकडे गेला. मॉरिसच्या काळी आकाराला आलेल्या दोन एक्झार्क सत्तांपैकी कार्थेज ६९८ पर्यंत आणि रावेन्ना ७५१ पर्यंत टिकले.